डोईवरची हापशी

घाटंजी
१४ जून २०२५

उज्ज्वला,

फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते. दोघींपैकी कुणाचंच काम होत नाही. म्हणून यापुढे लिहायचं. मी ई-मेल करीन, तूही कर. लिहिताना माणूस निदान वाक्य तरी पूर्ण करतो.

तुझी याडी फोन का उचलत नाही, असं तू विचारलंस. तिने तो बंद करून पिठाच्या डब्यात ठेवला आहे. त्यावर शिव्या येतात.

घडलं ते असं. लखीरामच्या नातवाला ताप आला. तुझ्या आईने जाऊन मीठ-मिरच्यांनी त्याची दृष्ट काढली. तांड्यातल्या प्रत्येक लेकराची ती काढते. तुझी काढली, माझ्या मुलांचीही काढली, मी नको म्हणत असताना. पुढे ताप पोराच्या मेंदूत गेला आणि यवतमाळच्या दवाखान्यात ते गेलं. लखीरामची बायको सुखीबाई प्रेताशेजारी बसून एवढंच म्हणाली, "बिजली त्याच्याकडं पाहून हासली होती." तेवढं पुरलं.

डाकण हा शब्द तोंडावर कुणी उच्चारत नाही. मी पोलीस ठाण्यात जाऊन बसले, साहेबांना तांड्यावर नेलं, त्यांनी कायदा वाचून दाखवला. सगळ्यांनी हात जोडले. तेव्हापासून तिला कुणी काही करत नाही. म्हणजे काहीच करत नाही. ती हापशीवर गेली की बाया घागरी उचलून घरी जातात. ती परतली की राखेने हापशीचा दांडा घासून धुतात. एकदा तिने हे वळून पाहिलं. आता ती नाल्यावरून पाणी आणते. बाया आपल्या घागरी घरी नेऊ शकत नाहीत, असं सांगणारं कलम कोणत्याही कायद्यात नाही. मी शोधलं.

मी म्हटलं, बिजलीभाभी, घाटंजीला चल. ती म्हणाली, "मी गेली अन् मंग पोरं बिमार नाई पडले, त म्हनतीन, पाहा, गेली म्हनून सुखी झालो. मंग मले वापस येता येईन काय?"



तू येऊ नकोस. तुला दिवस गेलेले, वार खाली आहे, डॉक्टरांनी प्रवास बंद केला आहे. तिथेच परदेशात पडून राहा. इकडचं मी पाहते.

मैना आत्या


आबेओकुटा
२२ जून

आत्या,

मी पडूनच आहे. म्हणजे एक दिवस सोडून. रागावू नकोस, आधी वाच.

शेजारच्या इया शादेला मी सगळं सांगितलं. आपण याडी म्हणतो तसं इथे आईला इया म्हणतात, आणि बाईला तिच्या मुलीच्या नावाने हाक मारतात. शादेची आई म्हणून इया शादे. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग तुमच्याकडे तिच्यासाठी नाचत नाहीत?" मला वाटलं, ती चेष्टा करते आहे. तिने मला गाडीत घातलं आणि इलारो गावाच्या पलीकडे आपल्या माहेरी नेलं. या वर्षी पाऊस लांबला म्हणून तिथला गेलेदे, म्हणजे मुखवट्यांचा नाच, उशिरा होता.

आत्या, भर दुपारी बाजाराच्या चौकात पुरुष बायका होऊन नाचत होते. मुखवटा चेहऱ्यावर नसतो, टोपीसारखा डोक्यावर बसतो. खाली तोंडावर झिरझिरीत कापड. मुखवट्यावर शांत बाईचा चेहरा, आणि त्याच्याही वर काहीतरी कोरलेलं. एकावर शिवणयंत्र, एकावर मोटारसायकल, तिच्यावर तिघे बसलेले. एकावर मोबाइलचा टॉवर, आणि दोरी ओढली की खाली बसलेली बाई हात वर करून फोन कानाला लावते. लोक हसून हसून लोळत होते. मी कोरणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, हे जुनं आहे की नवं? तो म्हणाला, दरवर्षी तेच तेच दाखवलं तर आया कंटाळतील.

आया म्हणजे कोण? तर गावातल्या म्हाताऱ्या. त्यांच्यात ताकद असते, असं इथे सगळे मानतात. लेकरू जगवायची आणि मारायचीही. आपल्याकडे मानतात तसंच. पण इथे त्यांना हाकलत नाहीत. त्यांना पुढच्या रांगेत खुर्च्या टाकतात, आणि पोरं त्यांच्यासमोर घाम गाळतात.

मी तिथे रडले. एका म्हातारीने माझ्या पोटावर हात ठेवला. मला भीती वाटली नाही.

आपण हे याडीसाठी का करू नये?

उज्ज्वला


घाटंजी
२९ जून

उज्ज्वला,

रक्त जाऊ नये म्हणून डॉक्टर तुला अंथरुणावर ठेवतात आणि तू खड्ड्यांतून नाच पाहायला जातेस. शाम काय करत होता? जावयाला म्हणावं, आत्याने विचारलंय.

आता तुझा प्रस्ताव. मी दोनदा वाचला. तिथेही म्हातारीला डाकणच समजतात, एवढंच मला त्यातून कळलं. फक्त तिथे तिला नाच दाखवून गप्प बसवतात. तुझ्या आईत कसलीही ताकद नाही. तिचे गुडघे दुखतात, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि तिला लसणाची चटणी पचत नाही. एवढं लोकांना पटवायचं आहे. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून नोकरी संपवली. गावोगाव जाऊन हेच सांगितलं. आता माझ्याच भावाच्या बायकोसाठी मी मुखवटे नाचवू?

आणखी एक पोरगी तापली आहे. तिला मी स्वतः दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, डेंग्यू निघाला, बरी होते आहे. तिच्या आईने माझ्यादेखत लखीरामला फोन करून सांगितलं, "मैनाबाईनं आणली म्हनून वाचली. तिले माहीत होतं ना, कोनाचं काम हाय ते."

म्हणजे माझ्या दवाखान्याचाही पुरावाच झाला.

मैना आत्या


आबेओकुटा
१३ जुलै

आत्या,

तू बरोबर आहेस. मी भांडणार नाही. पण एक गोष्ट मागच्या पत्रात सांगायची राहिली.

तो नाचणारा माणूस कपडे स्वतःचे घालत नाही. गावातल्या बायांकडे जाऊन मागून आणतो. दाराशी जायचं, वाकायचं आणि म्हणायचं, आई, तुमचं लुगडं द्या. ती आत जाते, चांगल्यातलं चांगलं काढते, त्याच्या हातात ठेवते. तेच नेसून तो नाचतो. इया शादे म्हणाली, नाच दोन तासांचा, मागणं महत्त्वाचं. ज्याला भीती वाटते त्यालाच मागायला जावं लागतं.

तू पोलीस आणलेस. पोलिसांनी सांगितलं, तिला हात लावू नका. कुणी लावत नाही, आत्या. एक माणूसही तिला हात लावत नाही. तिच्या दारात जाऊन काही मागेल असा एक माणूस मला शोधून दे. फक्त एक. मुखवटा असो नसो.

शामने काल मला सांगितलं की याडीच्या कपाळाला टाके आहेत. त्याला तांड्यावरून हिरासिंगने फोटो पाठवला. तू लिहिलं नाहीस. दगड कुणी मारला?

मला झोप येत नाही. डोळा लागला की दिसतं, ती नाल्यातून घागर घेऊन वर चढते आहे आणि मी इथे उशीला टेकून पडले आहे. बाळ पोटात लाथा मारतं, तेव्हा वाटतं, तेही मला ऊठ म्हणतं आहे.

उज्ज्वला


घाटंजी
३ ऑगस्ट

उज्ज्वला,

दगड कुणी मारला ते कळलं नाही. कळलं असतं तर तो आत असता. तीन टाके, जखम भरली. लिहिलं नाही, कारण लिहून टाके उसवणार नव्हते.

मी हरले आहे. हे एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस. कायदा वापरला, दवाखाना वापरला, सभा घेतली, डासांची माहिती सांगितली, नाल्यात औषध टाकलं. तांडा ऐकतो, मान डोलवतो आणि तिच्या घराला वळसा घालून जातो. परवा गेले तर ती भिंतीशी बोलत होती. मला पाहून गप्प झाली. चार वेळा विचारलं तेव्हा म्हणाली, "बोलनं इसरून जाईन म्हनून बोलून पाहून राह्यली होती." ती जेवत नाही. अंगावरची कांचळी खांद्यावरून घसरते. पोळ्यापर्यंत ती टिकेल, याची मला खात्री नाही.

म्हणून तुझा तो नाच करते आहे. पटलं म्हणून नाही.

हिरासिंग तयार आहे. तुझ्या आईच्या हातावर तो जन्मला आणि लग्नांत सगळ्यांत चांगला नाचतो. बायको रागावली तेव्हा तो तिला म्हणाला, "माही पयली आंघोळ तिनंच घातली, आता कायले भेऊ?" इथला सुतार धर्मपाल याने तू पाठवलेले मुखवट्यांचे फोटो पाहिले आणि सावरीचं लाकूड घेतलं, हलकं असतं म्हणून. चेहरा त्याने तुझ्या आईचाच कोरला. मी तसं मुद्दाम सांगितलं होतं; कुणासाठी नाच आहे याबद्दल संशय नको.

वर काय ठेवायचं ते तिलाच विचारायला धर्मपालला घेऊन गेले. म्हटलं, तिकडे मोटारसायकल ठेवतात, टॉवर ठेवतात, तुला काय पाहिजे? तिने रिकाम्या घागरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "हापशी ठेव."

धर्मपाल म्हणाला, "हापशी? मावशी, डोक्यावर हापशी कशी दिसंन?"

"दांडा हालला पायजे. नाई त नको."

आणि उज्ज्वला, ती हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

पोळ्याच्या दिवशी करायचं होतं, पण त्या दिवशी बैलांपुढे आपल्याला कोण पाहणार? आणि या दमट हवेत धर्मपालचा तेलरंग वाळत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळे घरी असतात, शेताला सुट्टी असते. आदल्या संध्याकाळी हिरासिंग तिच्या दारात जाऊन कपडे मागेल. सर्वांदेखत.

मैना आत्या


आबेओकुटा
२४ ऑगस्ट

आत्या,

तुझा फोन लागत नाही. याडीचा बंद. हिरासिंग उचलत नाही.

आज सकाळी शामच्या मोबाइलवर कुणाच्या तरी स्टेटसला एक व्हिडिओ होता. काही सेकंदांचा. याडीचा चेहरा माणसांच्या डोक्यांवरून हलत चालला आहे, त्यावर हापशी, दांडा वर-खाली होतो आहे. खाली तिचा लग्नातला आरशांचा घेरदार फेटिया. क्षणभर मला केवढा आनंद झाला! मग आवाज ऐकला.

आत्या, पोळ्याचा दुसरा दिवस मारबतीचा असतो. पळसाच्या डहाळ्या दारातून काढायच्या, शिवेबाहेर फेकायच्या, आणि ओरडायचं, रोगराई घेऊन जा गे मारबत. मी लहान असताना तूच माझं बोट धरून नेलं होतंस. नागपुरात तर त्या बाईचा एवढा मोठा पुतळा करतात, मिरवतात आणि जाळतात. तुझ्या लक्षात कसं आलं नाही? माझ्या कसं आलं नाही? तू ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दिवस कळवलास आणि मी इथे पडल्या पडल्या उत्तर लिहिलं, छान.

व्हिडिओत सगळे ओरडत आहेत, घेऊन जा गे. सुखीबाई दिसते. लखीराम दिसतो. ते नाचत आहेत.

त्यांनी तिचं काय केलं? एक ओळ लिही. ती आहे, एवढंच लिही. किंवा नाही, एवढं.

उज्ज्वला


घाटंजी
२५ ऑगस्ट

उज्ज्वला,

ती आहे.

वादळाने परवा रात्रीपासून टॉवर बंद होता, आजच सुरू झाला. आता सगळं क्रमाने लिहिते. तूही क्रमाने वाच, मधूनच उठू नकोस.

पोळ्याच्या संध्याकाळी पोळा फुटल्यावर हिरासिंग तिच्या दारात गेला. चौकात सगळे उभे होते. त्याने वाकून म्हटलं, "याडी, तुहा फेटिया दे. नाचाचा हाय." ती जागची हलली नाही. त्याने पुन्हा म्हटलं. मग ती आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. फेटिया, कांचळी, ओढणी, तिने सगळं त्याच्या हातावर ठेवलं आणि ओढणीची घडी नीट केली. कुणी तरी शिट्टी मारली, पण हसलं कुणी नाही. सुखीबाई पाहत होती. मला वाटलं, जमलं.

सकाळी हिरासिंग मुखवटा घालून निघाला. तोंडावर ओढणी, त्याला दोन पावलांपुढचं दिसत नव्हतं. त्याच वेळी घरोघरच्या डहाळ्या घेऊन लोक बाहेर पडले. तुझं बरोबर आहे. लहानपणी ती हाळी मीच सगळ्यांत मोठ्याने द्यायची. पण मी तुझ्या इलारोच्या चौकात होते, तांड्यात नव्हते. लोकांनी बिजलीचा चेहरा पाहिला, बिजलीचे कपडे पाहिले, आणि त्या दिवशी बाईचा चेहरा मिरवत निघाला की त्याला एकच नाव असतं. एका पोराने आरोळी दिली. मग सगळा तांडा. एवढा आनंद मी त्या तोंडांवर कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. हिरासिंगला आतून वाटलं, लोक खूश आहेत. तो आणखी जोरात नाचला. दोरी ओढून दांडा हलवत होता.

मी ओरडले. माझा आवाज सभेत शेवटच्या रांगेपर्यंत जातो. तिथे माझ्या शेजारच्याने ऐकला नाही.

त्यांनी त्याला नाल्यापलीकडे, शिवेपर्यंत नेलं. डहाळ्या अंगावर फेकल्या. तेव्हा त्याला कळलं. त्याने मुखवटा काढून खाली ठेवला आणि रडायला लागला. लखीराम काडीपेटी काढत होता. पेटवायचाच तेवढा बाकी होता.

मी वळून पाहिलं, तर तुझी आई येत होती. मला वाटलं, संपलं. आता ही नाल्यात उडी टाकते की काय. हातात रिकामी घागर होती. लोकांनी वाट दिली. ती त्या चेहऱ्याजवळ आली, वाकायला तिला वेळ लागला, पण कुणी हात दिला नाही. मुखवट्यावरचा दांडा मोडला होता. तो उचलून तिने कमरेला खोवला. मग लखीरामला म्हणाली:

"झालं? गेली का बिजली?"

त्याच्या हातात काडीपेटी तशीच होती.

"तुमीच काढली ना शिवंबाहेर? सगळ्यायनं पायलं. ते पाहा, पडली थे. गेली. आता मले पानी भरू दे."

आणि ती वळून हापशीकडे चालू लागली.

उज्ज्वला, त्यांची पंचाईत झाली. मारबत एकदा हाकलली की गेली, हे त्यांनीच मानलेलं. गेली नाही म्हणावं, तर हाकलणंच खोटं ठरतं. मी आयुष्यभर पत्रकं वाटली. असा मुद्दा मला कधी सापडला नाही. सगळे तिच्या मागे मुकाट चालत आले. हापशीवर सुखीबाईची घागर ठेवलेली होती. तुझ्या आईने वाट पाहिली. सुखीबाईने ती घागर घरी नेली नाही. बाजूला सरकवली. एवढंच. हापशीचा दांडा मारायला कुणी पुढे आलं नाही. तिने तो स्वतःच मारला. नंतर राखेने कुणी धुतला नाही, हे मी संध्याकाळपर्यंत तिथे बसून पाहिलं.

तू आता रडत असशील आणि म्हणशील, जिंकलो. मी तसं म्हणणार नाही. सगळ्या तांड्यापुढे ती म्हणाली की बिजली गेली. म्हणजे होती. माझ्या वहिनीने पाण्यासाठी स्वतःला डाकण ठरवलं आणि स्वतःच हाकललं. रात्री तिला मी हेच सांगितलं, चांगलंच सुनावलं. ती भाकरी खात होती. पूर्ण भाकरी. म्हणाली, "तुहं खरं हाय, मैना. पन तहान लागली होती."

तिचा निरोप आहे. तुला मुलगी झाली तर तिचं नाव बिजली ठेवू नकोस. ते शिवेबाहेर पडलं आहे.

मुखवटा हिरासिंगने चिखलातून आणून माझ्या ओसरीवर ठेवला आहे. मी तो चुलीत घालणार होते. काल ती स्वतः एसटीने घाटंजीला आली. धर्मपालकडे गेली, कमरेचा दांडा काढून दिला, म्हणाली, नीट बसव, पुढच्या पोळ्याले लागंन. मी म्हटलं, भाभी, पुन्हा? ती म्हणाली, "एका वर्षात पुन्हा कोनाचं तरी लेकरू तापंन, मैना. मंग मी पुन्हा थेच होईन. दरसाली काढा लागंन मले."

"दरसाली?"

"मंग? उजूच्या गावात नाई का नाचत दरसाली?"

धर्मपालने तिला विचारलं, पुढच्या वर्षी वर हापशीच ठेवू की दुसरं काही. ती विचार करून सांगते म्हणाली.

मैना आत्या